चावीवाला

पहाटे तीन पन्नासला डोळा उघडतो अजून.
गजर तेव्हा लागत नव्हता,
आता कशाला लावू?
कुमुद कुशीवर वळते, म्हणते,
"झोपा हो, पालिका तुमच्यावाचून चालली आहे."
चालली आहे खरी.

एकतीस वर्षं चार महिने
मी भांडुपला पाणी सोडलं.
गाढव नाक्यापासून टेंभीपाड्याच्या चढापर्यंत
रस्त्याखाली कुठे कुठला व्हॉल्व,
कुठला साडेसव्वीस आट्यांचा, कुठला हट्टी,
कुठला अर्ध्यावर येऊन कुरकुरतो,
हे नकाशात नाही,
माझ्या उजव्या खांद्यात आहे.

निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला,
चावी परत घेतली. साडेचार फुटी, लोखंडी.
रजिस्टरात सही घेऊन.
साहेब म्हणाले, आता मस्त आराम करा.
आरामाचा व्हॉल्व कुठल्या चेंबरात असतो
ते काही बोलले नाहीत.

पहिला महिना घरात पाहुण्यासारखा बसलो.
चहा मिळाला की "कशाला त्रास" म्हणायचो.

मग सापडला तो. बंद पडलेल्या दूध केंद्राच्या कट्ट्यावर,
सकाळी दहाच्या सुमाराला.
पास्कल डिमेलो, लेथला एक बोट देऊन आलेला.
हुसेन मुकादम, गोदीतला कारकून,
अजून प्रत्येक गोष्टीची पावती मागतो.
आणि नलूताई खोत, शाळेतल्या,
ज्यांच्यासमोर पास्कल अजून विडी लपवतो.
पेपर एकच. चौघांत पानं वाटून घेतो.
पास्कलला फुटबॉल. मुकादमला सोन्याचा भाव,
सोनं आयुष्यात एकदाच घेतलंय, मुलीच्या निकाहात,
पण भाव रोज बघतो, जुन्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसा.
नलूताई निधनवार्ता मोठ्यानं वाचतात,
वयापाशी थांबतात, मनात वजाबाकी करतात.
"हा आपल्याहून तीनच वर्षांनी मोठा."
"तीन वर्षं खूप झाली बाई," पास्कल म्हणतो,
"तोवर आजच्या चहाचे पैसे कोण देणार ते ठरेल."
मला शब्दकोडं. उभे शब्द मला येतात,
आडव्यांना नलूताई लागतात.

शुक्रवारी नमाज आटोपून मुकादम परत येतो, पिशवीत खारी.
ती चहात किती वेळ बुडवायची यावर
आमचं आजतागायत एकमत नाही.
नलूताई चारपर्यंत मोजतात, पास्कल सहा,
माझी नेहमी कपात पडते
आणि तिघंही त्या क्षणाची वाट बघत असतात.

परवा नवा पोरगा आला, विघ्नेश जाबरे.
खांद्यावर माझी चावी.
म्हणजे पालिकेची. पण मुठीजवळची सुतळी मीच गुंडाळलेली.
"काका, चढावरचा अडतो हो, हलतच नाही."
मी खारी खाली ठेवली.
म्हटलं, उजवीकडे सात फिरव,
मग दोन मागे ये. थोडा थांब.
त्याच्यावर रागावू नकोस.
पोरानं हातावर लिहून घेतलं.
उरलेला दिवस कट्ट्यावर कुणी माझी थट्टा केली नाही,
याचंच मला जरा अवघडल्यासारखं झालं.

आज चार वाजून वीस मिनिटांनी
मोरीतल्या नळानं उचकी दिली,
हवा सोडली, खाकरला,
आणि आलं.
आमच्या घरी पाणी येताना
मी कधी घरी नव्हतो.
हा आवाज एकतीस वर्षं कुमुदचा होता,
एकटीचा, अंधारातला, पिंपाशी ओणवं होऊन.
आता ती झोपते. मी भरतो.
हंडा, कळशी, दोन बादल्या,
शेवटी तिचा तो पोचा आलेला तांब्या,
जो टाकू देत नाही.

सहाला उठून ती पहिल्यांदा मोरीत डोकावते.
"अख्ख्या भांडुपचं बंद करत होतात,
घरचा एक नळ घट्ट होईना!"
वायसर गेलाय, मी म्हणतो. आणतो उद्या.
हे उद्या गेले पंधरा दिवस चाललंय.
खाली वाटी ठेवली आहे.
टप्प, टप्प, मी पडल्या पडल्या मोजतो.
भरली की अळूच्या कुंडीत.